दुसरा कारखाना कुठून आणायचा? अमेरिकेतील औषध-आयातीच्या कायद्याविषयी

५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, फ्लोरिडा राज्याला कॅनडातून घाऊक प्रमाणात औषधे आणण्याची परवानगी दिली आणि दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळलेला वाद पुन्हा पेटला. औषध कंपन्या आणि त्यांचे पाठीराखे म्हणतात की आयात म्हणजे बनावट मालाला मोकळे रान. दोन्ही पक्षांतले अनेक लोकप्रतिनिधी म्हणतात की सीमेपलीकडे तीच गोळी कितीतरी कमी किमतीला मिळत असताना ती आणू न देणे ही रुग्णांची लूट आहे. हे दोन्ही युक्तिवाद माल कोणत्या देशातून येतो आणि तिथे तो किती स्वस्त आहे, एवढ्यापाशीच थांबतात; ऐन केमोथेरपीच्या दिवशी रुग्णालयात औषधाची कुपीच नसते तेव्हा काय करायचे, याचे उत्तर त्यांतल्या एकाकडेही नाही. माझे मत असे की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या आयातीला कायद्याने वाट करून दिलीच पाहिजे, पण ती मुख्यतः पेटंट संपलेल्या आणि एक-दोन उत्पादकांच्या जिवावर तगून असलेल्या जुन्या औषधांसाठी. तिचे यशापयश मोजताना आलेला माल किती स्वस्त पडला यापेक्षा तिच्यामुळे त्या बाजारात दुसरा किंवा तिसरा उत्पादक कायमचा उभा राहिला का, हे पाहिले पाहिजे.

मुळात अमेरिका औषधे आयात करते की नाही, हा वादाचा विषयच नाही. तिथे लिहिल्या जाणाऱ्या दर दहा चिठ्ठ्यांपैकी सुमारे नऊ जेनेरिक औषधांनी भागवल्या जातात आणि त्यांतला फार मोठा हिस्सा भारतात तयार होतो. सन फार्मा, सिप्ला, ल्युपिन, ग्लेनमार्क या मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्यांचा बराचसा व्यवसाय त्यावरच उभा आहे. कायद्याने अडवले आहे ते वेगळेच. १९८७च्या कायद्यानुसार अमेरिकेत तयार होऊन बाहेर गेलेले औषध परत आणण्याचा अधिकार केवळ मूळ उत्पादकाला आहे, आणि परदेशी बाजारासाठी बनवलेला माल, तो त्याच कंपनीचा असला तरी, अमेरिकेची मान्यता नसेल तर आत येऊ शकत नाही. बनावट मालाच्या खऱ्या तक्रारींतून तो कायदा आला होता, हे मान्य करायला हवे. पुढे २००० आणि २००३ साली अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, औषधविक्रेत्यांना आणि घाऊक व्यापाऱ्यांना आयातीची मुभा देणारे कायदे केले, पण त्यांना एक अट जोडली : आयातीने सुरक्षेला धोका पोहोचणार नाही आणि ग्राहकाचा खर्च लक्षणीय कमी होईल, असे आरोग्यमंत्र्यांनी प्रमाणित करायचे. डेमोक्रॅट डोना शलेला यांनी ते केले नाही, रिपब्लिकन टॉमी थॉम्प्सन यांनीही केले नाही. ॲलेक्स अझार यांनी २०२०च्या सप्टेंबरमध्ये सही केली तोवर २००३च्या कायद्याला सतरा वर्षे होत आली होती. अंमलबजावणीची किल्ली एका मंत्र्याच्या हाती ठेवून केलेला कायदा म्हणजे मतदारांना दिलेले आश्वासन. पुरवठ्याची व्यवस्था त्यातून उभी राहत नाही.

कॅनडाविषयीच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि आयातीच्या समर्थकांनी ते प्रामाणिकपणे स्वीकारायला हवे. कॅनडाची लोकसंख्या चार कोटींच्या आसपास, अमेरिकेची तेहतीस कोटींहून अधिक. एवढ्या लहान बाजारासाठी आलेल्या मालातून एवढ्या मोठ्या बाजाराची गरज भागणार नाही, आणि तसा प्रयत्न झालाच तर कॅनडातच तुटवडा पडेल. म्हणूनच कॅनडाच्या सरकारने नोव्हेंबर २०२०मध्ये आदेश काढला की देशात टंचाई होऊ शकेल अशा रीतीने औषधे बाहेर पाठवता येणार नाहीत. शिवाय कॅनडात ब्रँडेड औषधे स्वस्त आहेत कारण तिथे १९८७पासून पेटंटप्राप्त औषधांच्या किमतींवर देखरेख करणारे मंडळ आहे. तिथून औषध आणणे म्हणजे शेजाऱ्याचे किंमत-नियंत्रण उसने घेणे. ते स्वतःच्या संसदेत करण्याचे धैर्य असेल तर उसनवारी कशाला? तसे धैर्य २०२२च्या कायद्यात थोडेसे दिसले. त्यानुसार मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याने, वाटाघाटीने ठरवलेल्या पहिल्या दहा औषधांच्या किमती १ जानेवारी २०२६पासून लागू झाल्या. महागड्या, पेटंट असलेल्या औषधांचा प्रश्न त्या मार्गाने सोडवावा. जेनेरिक औषधांच्या किमती तर अमेरिकेत बऱ्याचदा कॅनडापेक्षाही कमी असतात. जिथे औषध स्वस्त आहे पण मिळत नाही, तिथला आजार निराळा आहे, आणि त्याची चर्चा फ्लोरिडाच्या गदारोळात हरवून गेली.

तो आजार सिस्प्लॅटिनच्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसला. अमेरिकेत १९७८मध्ये मान्यता मिळालेले हे कर्करोगाचे औषध आहे. वृषणाचा कर्करोग पसरलेल्या तरुणांना बरे करण्याची ताकद त्याने आणली, आणि फुप्फुस, मूत्राशय, अंडाशय, डोके व मान यांच्या कर्करोगांवर ते आजही वापरले जाते. पेटंट केव्हाच संपलेले, किंमत अगदी थोडी. अमेरिकेच्या गरजेपैकी जवळपास निम्मा पुरवठा गुजरातेत साणंदजवळच्या इन्टास कंपनीच्या कारखान्यातून होत असे. नोव्हेंबर २०२२मध्ये एफडीएचे निरीक्षक तिथे गेले, तेव्हा त्यांना गुणवत्ता-चाचण्यांची कागदपत्रे फाडून पिशव्यांत भरलेली आढळली. कंपनीने उत्पादन थांबवले. फेब्रुवारी २०२३मध्ये तुटवडा जाहीर झाला, आणि सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन वापरायला सुरुवात झाल्यावर तेही संपू लागले. त्या वर्षी मोठ्या कर्करोग केंद्रांच्या एका राष्ट्रीय जाळ्याने केलेल्या पाहणीत ९३ टक्के केंद्रांनी कार्बोप्लॅटिनची, तर ७० टक्क्यांनी सिस्प्लॅटिनची टंचाई असल्याचे सांगितले. कुणाला पूर्ण मात्रा द्यायची, कुणाचे चक्र पुढे ढकलायचे, हे जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातले डॉक्टर ठरवत बसले होते. अखेर एफडीएने चीनच्या चिलू या कंपनीचे, अमेरिकेत मान्यता नसलेले सिस्प्लॅटिन कॅनडाच्या अपोटेक्समार्फत आणू दिले. कुपीवरची अक्षरे चिनी होती, सोबत डॉक्टरांसाठी इंग्रजी पत्र होते. तुटवडा पूर्णपणे मिटल्याचे जाहीर व्हायला २०२४चा जून उजाडला.

या प्रकरणातून आयातीचे विरोधक आणि समर्थक दोघेही आपापले बोधवाक्य काढतात. विरोधक म्हणतात, पाहा, परदेशी कारखान्यावर विसंबल्याचे फळ. समर्थक म्हणतात, पाहा, परदेशी मालानेच वाचवले. मला त्यात दिसते ते असे की निम्मा देश एका इमारतीवर विसंबून होता, आणि ती इमारत बंद पडल्यावर दुसरा उत्पादक शोधायला एफडीएने टंचाई शिगेला पोहोचेपर्यंत वाट पाहिली. अशी तात्पुरती आयात हा एफडीएचा स्वेच्छाधिकार आहे : नियम मोडल्याबद्दल कारवाई न करण्याचा निर्णय. तो रुग्ण ताटकळल्यानंतर घेतला जातो आणि तुटवडा संपला की मागे घेतला जातो. मग परदेशी उत्पादकाने अमेरिकेसाठी वेगळे लेबल, वेगळी बॅच-नोंद, अधिकची उत्पादन-क्षमता यांवर पैसा का घालावा? उद्या दार बंद होणार हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो उरलासुरला माल पाठवतो आणि बाजूला होतो. कायद्याची गरज आहे ती इथे.

तात्पुरता आलेला उत्पादक कायमचा होऊ शकतो याचा पुरावा २०११ ते २०१३ या काळातलाच आहे. २०११च्या नोव्हेंबरमध्ये ओहायो राज्यातील बेडफर्ड येथल्या बेन व्हेन्यू या कारखान्यातले उत्पादन गुणवत्तेच्या प्रश्नांमुळे थांबले. जॉन्सन अँड जॉन्सनसाठी डॉक्सिल हे इंजेक्शन तिथेच तयार होत असे. अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांना ते मिळेनासे झाले. फेब्रुवारी २०१२मध्ये एफडीएने त्याच घटकाचे, सन फार्माचे लिपोडॉक्स तात्पुरते आणू दिले, आणि बरोबर एका वर्षाने, फेब्रुवारी २०१३मध्ये, त्याच कंपनीच्या जेनेरिकला रीतसर मान्यता दिली. रुग्णांना लगेच औषध मिळाले आणि बाजारात कायमचा दुसरा उत्पादक आला. दुर्दैवाने ही घटना अपवाद राहिली, कारण तसे घडवून आणण्याचे बंधन कुणावरच नव्हते. तात्पुरत्या आयातीचा परवाना आणि कायमच्या मान्यतेचा अर्ज एकमेकांना बांधणारे कलम हेच अशा कायद्याचे हृदय असायला हवे.

तुटवड्याइतकाच स्पर्धेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. डॅराप्रिम हे टोक्सोप्लाझ्मोसिस या परजीवीमुळे होणाऱ्या संसर्गावरचे औषध अमेरिकेत १९५३पासून आहे. २०१५मध्ये मार्टिन श्क्रेली यांच्या ट्युरिंग कंपनीने त्याचे हक्क घेऊन एका गोळीची किंमत १३.५० डॉलरवरून ७५० डॉलरवर नेली. पेटंट नव्हते, तुटवडाही नव्हता. होता तो फक्त एकटेपणा. वितरण असे आवळून ठेवले की प्रतिस्पर्ध्याला चाचणीसाठी लागणारे नमुने मिळणेही कठीण व्हावे. हेच औषध पायरिमेथामिन या मूळ नावाने ब्रिटनमध्ये आणि भारतात नगण्य किमतीला मिळत होते, पण अमेरिकी रुग्णाला पहिले जेनेरिक मिळण्यासाठी २०२०चा फेब्रुवारी उजाडावा लागला. न्यायालयाने पुढे श्क्रेली यांना औषध-उद्योगातून आयुष्यभरासाठी बाहेर काढले. मधली चार-साडेचार वर्षे मात्र रुग्णांनी सोसली. डेमोक्रॅट ॲमी क्लोबुशर आणि रिपब्लिकन माइक ली या सिनेटरांनी मांडलेल्या विधेयकाचा रोख अशाच बाजारांवर आहे : जिथे तुटवडा आहे किंवा नावापुरतीच स्पर्धा उरली आहे, तिथे तुल्य सुरक्षा-निकष असलेल्या देशांतून तात्पुरती आयात आणि नव्या उत्पादकांच्या अर्जांची जलद छाननी. एकट्या विक्रेत्याला उद्या दार उघडू शकते एवढी जाणीव असली तरी त्याचा हात किंमत वाढवताना आखडतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप, सुरक्षेचा. मी तो हलका करून मांडणार नाही. २००७-०८मध्ये चीनमधून आलेल्या कच्च्या मालातून बनलेल्या हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधात भेसळ निघाली आणि अमेरिकेत सुमारे ८० मृत्यूंशी तिचा संबंध जोडला गेला. २०२२मध्ये गांबियात भारतीय कंपनीच्या खोकल्याच्या औषधांशी सत्तरच्या आसपास बालकांचे मृत्यू जोडले गेले. २०२३मध्ये चेन्नईजवळ तयार झालेल्या डोळ्यांच्या थेंबांमुळे अमेरिकेत जंतुसंसर्ग पसरला, काहींची दृष्टी गेली, चौघांचा मृत्यू झाला. ज्या देशातले कारखाने अमेरिकेला औषधे पुरवतात, त्या देशाचे नागरिक म्हणून आपण हे आधी मान्य केले पाहिजे. आणि मुंबईला तर हे बाहेरून शिकण्याची गरज नाही. १९८६मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधल्या डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी औद्योगिक द्रावकाच्या भेसळीने चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासन आणि राजकीय वशिला यांचे साटेलोटे उघड केले.

पण या घटनांतून नेमके काय सिद्ध होते? भेसळीचे हेपॅरिन चोरवाटेने आलेले नव्हते, ते पूर्णपणे मान्यताप्राप्त औषध होते. ज्या चिनी कारखान्यातून त्याचा कच्चा माल आला त्याची तपासणी एफडीएने, नावातल्या साधर्म्यामुळे दुसऱ्याच कारखान्याशी गल्लत करून, केलीच नव्हती. जे. जे.मधले विष परदेशातून आले नव्हते, शहरातल्याच पुरवठादाराकडून आले होते. त्याच डायएथिलिन ग्लायकॉलने १९३७मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले तेव्हा औषध टेनेसीत बनले होते, आणि त्या दुर्घटनेतूनच १९३८चा औषध कायदा झाला. २०१२मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या औषध-मिश्रण केंद्राच्या बुरशीयुक्त इंजेक्शनांनी साठहून अधिक रुग्ण दगावले. अशा केंद्रांकडे रुग्णालये वळतात त्यामागे नेहमीच्या औषधांचा तुटवडा हेही एक कारण असते. म्हणजे आयात नाकारल्याने धोका शून्य होत नाही. तो कमी देखरेखीच्या ठिकाणी सरकतो. रुग्णाचे रक्षण करते ते कारखान्यात अचानक पोहोचणारे निरीक्षण, प्रत्येक बॅचची चाचणी आणि कच्च्या मालाचा उगम सांगणारी नोंद. अमेरिकेतल्या कारखान्यांत निरीक्षक न कळवता येतात, भारत-चीनमध्ये मात्र वर्षानुवर्षे आगाऊ सूचना देऊन येत असत. भारतात २०२२पासून अघोषित तपासण्यांचे प्रयोग सुरू झाले आणि २०२५मध्ये त्यांचा विस्तार जाहीर झाला. आयातीचा कायदा करताना या तपासण्यांसाठी पैसा आणि माणसे त्याच कायद्यात द्यावीत. भारतीय उद्योगाने त्यांचे स्वागत करावे, कारण साणंदसारखी एक घटना सचोटीने काम करणाऱ्या शंभर कारखान्यांच्या विश्वासार्हतेवर पाणी फिरवते.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे आणि तो मला सुरक्षेच्या आक्षेपापेक्षाही अवघड वाटतो. टंचाईचे मूळच अति-स्वस्ताईत असेल, तर आणखी स्वस्त माल आणून काय साधणार? अमेरिकेतील जेनेरिक औषधांची घाऊक खरेदी तीन मोठ्या खरेदी-गटांच्या हातात एकवटली आहे. नव्वद टक्क्यांच्या आसपास माल त्यांच्यामार्फत जातो. ते सर्वांत कमी दराला पुरवठा घेतात. दोन-चार आणे वाचवण्यासाठी पुरवठादार बदलला जातो, मागे पडलेला उत्पादक तो माल करणे सोडतो, टिकलेला यंत्रांच्या देखभालीत हात आखडतो. निर्जंतुक इंजेक्शने बनवणारी यंत्रणा अशी फार काळ चालत नाही. २०२४च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेत एकाच वेळी ३२३ औषधांचा तुटवडा नोंदला गेला, तोवरचा उच्चांक. त्यात जुनी, स्वस्त इंजेक्शने मोठ्या संख्येने होती. या आक्षेपातला गाभा मी जसाच्या तसा स्वीकारतो. निव्वळ किमतीच्या शर्यतीत आणखी एक घोडा उतरवून तुटवडा थांबणार नाही. म्हणून आयातीच्या परवान्यासोबत काही वर्षांच्या खरेदीची हमी, ठरावीक महिन्यांचा साठा आणि निम्म्याहून अधिक खरेदी एकाच कारखान्याकडून न करण्याचे बंधन असले पाहिजे. अत्यावश्यक औषधांचा सहा महिन्यांचा साठा ठेवणाऱ्या लहान स्वतंत्र रुग्णालयांना ऑक्टोबर २०२४पासून मेडिकेअर वेगळे पैसे देऊ लागले आहे. दिशा योग्य आहे, व्याप्ती फार तोकडी. पण या आक्षेपावरून आयातच नको असा निष्कर्ष काढणे चूक आहे, कारण हमी द्यायची तर ती घेणारा दुसरा उत्पादक आधी असावा लागतो.

मग सगळे देशातच का बनवू नये? ऐकायला हे आकर्षक वाटते. सप्टेंबर २०२४मध्ये हेलेन चक्रीवादळाचे पाणी उत्तर कॅरोलिनातल्या बॅक्स्टरच्या कारखान्यात शिरले. देशातल्या सलाइन आणि तत्सम द्रावणांपैकी सुमारे ६० टक्के तिथे तयार होत होती. कारखाना अमेरिकी, मालक अमेरिकी, कामगार अमेरिकी. तरीही रुग्णालयांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या आणि एफडीएला कॅनडा, आयर्लंड, ब्रिटन आणि चीनमधून द्रावणे आणू द्यावी लागली. आपल्याकडचा अनुभवही हेच सांगतो. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४मध्ये स्थापन झाली आणि लवकरच देशी पेनिसिलिन देऊ लागली. तो स्वावलंबनाचा अभिमानास्पद क्षण होता. पण हमखास खरेदी आणि गुंतवणूक मागे पडली तशी १९९०च्या दशकात ती आजारी उद्योगांत गेली. जगाला औषधे पुरवणाऱ्या या देशात मार्च २०२४मध्ये क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा पडून केंद्राला राज्यांना ती स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगावे लागले. मे २०२१मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे नातेवाईक पुण्या-नागपुरात ॲम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी इंजेक्शनासाठी वणवण करत होते, तेव्हा वर्ध्यात तातडीने उत्पादन सुरू झाले आणि परदेशातूनही माल आला. त्या महिन्यात दोन्ही वाटा उघड्या असण्याची किंमत महाराष्ट्राला कळली.

सरकारने आयातीचा वापर शस्त्रासारखा, ठरावीक हेतूने करणे नवे नाही. १९६१मध्ये ब्रिटनचे आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी सरकारी रुग्णालयांसाठी फायझरचे पेटंट असलेले टेट्रासायक्लिन पेटंट कायद्यातील सरकारी वापराच्या कलमाखाली इटलीहून मागवले. इटलीत तेव्हा औषधांना पेटंट नव्हते. फायझर न्यायालयात गेली आणि १९६५मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, सरकारच्या बाजूने निकाल दिला. पॉवेल हे खुल्या बाजाराचे कट्टर समर्थक होते. एकाधिकाराला वेसण घालणारी आयात त्यांना बाजाराच्या विरुद्ध वाटली नाही. आज अमेरिकेत जुन्या, पेटंटमुक्त औषधांपुरते तेवढेही कठोर पाऊल मागितले जात नाही.

भारतीय कंपन्यांचा यात फायदा आहे, हे खरे, आणि म्हणूनच आपल्याकडे या विधेयकांचे स्वागत निर्यातीच्या संधी म्हणून होते. ते पुरेसे नाही. ज्या औषधाचा तुटवडा अमेरिकेत आहे त्याचा तो भारतातही असू शकतो, आणि जास्त पैसे देणाऱ्या बाजाराकडे माल वळतो. कॅनडाने २०२०मध्ये जो आदेश काढला तसे संरक्षण आपल्या रुग्णांसाठीही तयार हवे. एखाद्या अनुसूचित, म्हणजे सरकारने कमाल किंमत ठरवून दिलेल्या, औषधाचे उत्पादन थांबवायचे असेल तर सहा महिने आधी जाहीर सूचना देण्याचे बंधन आपल्या २०१३च्या किंमत-नियंत्रण आदेशात आहे. ते काटेकोरपणे पाळून घेतले तर निर्यातीमुळे घरी पडणारी तूट आधी दिसू शकेल. अमेरिकेपुरते सांगायचे तर पुढचे विधेयक वाचताना मी त्यात पहिल्यांदा एकच कलम शोधेन : तात्पुरत्या परवान्यावर माल आणणाऱ्याने कायमच्या मान्यतेसाठी अर्ज किती महिन्यांत करायचा आणि एफडीएने त्याच्यावर निर्णय किती महिन्यांत द्यायचा. ही मुदत त्यात लिहिलेली नसेल, तर सिनेटरांनी ते मतदानाला आणण्यापूर्वी समितीकडे परत पाठवावे.